लांबच्या वळणावर गाडी का मंदावते: मॉडेल रेल्वेच्या लेआउटला वीज कशी पोहोचवावी

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर तुम्ही एचओचा (मॉडेल रेल्वेचं हे एक प्रचलित माप) लंबगोल मांडलाय. आतल्या बाजूला एक लूप लाइन, म्हणजे मेन लाइनमधून फुटून पुन्हा तिलाच मिळणारी लाइन आहे, आणि तिच्या दोन्ही टोकांना पॉइंट, म्हणजे गाडीची वाट बदलणारे सांधे आहेत, तेही लाइव्ह फ्रॉगचे (याचा अर्थ पुढे सांगतो). सेटबरोबर आलेली दोन तारांची एकच क्लिप कंट्रोलरजवळच्या रुळाला लावलीय. गाडी तिथे झकास पळते, भिंतीकडच्या लांबच्या वळणावर रेंगाळते, आणि दुसरं इंजिन रुळावर ठेवलं की त्या वळणावर जवळजवळ थांबतेच. शिवाय लूपचा एकच पॉइंट वळवला की कंट्रोलरचा लाल दिवा लागतो आणि सगळं ठप्प. कोणीतरी सुचवलंय की जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर जोडा, ताकद वाढेल. तुम्ही विचारताय: ॲडॉप्टर केवढा घेऊ, वायर किती जाड घेऊ, आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलीला दोन गाड्या चालवून दाखवता येतील का?

दोन गाड्या नक्की चालतील. तो चार्जर मात्र कृपा करून लावू नका.

माझा पेशा कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचा आणि छंद रेल्वेचा, दोन्ही वीस वर्षांहून जास्त. या काळात जितक्या लोकांनी मला 'पॉवर कमी पडतेय' म्हणून बोलावलं, त्यांतल्या बहुतेकांकडे पॉवर पुरेशी होती. ती रुळापर्यंत पोहोचत नव्हती. तुमच्याकडे पॉवर पुरेशी आहे का, याचा हिशेब सोपा आहे. आजकालचं बऱ्या अवस्थेतलं एचओ इंजिन धावताना साधारण पाव ते अर्धा अँपिअर खातं. जुनी इंजिनं याहून जास्त खातात, पण तुमची दोन्ही नवी आहेत. स्टार्टर सेटचा कंट्रोलर साधारण एक अँपिअरच्या आसपासचा असतो. तुमच्या कंट्रोलरवरचं लेबल एकदा वाचून घ्या, पण दोन इंजिनांना तो पुरायला हवा. मग लांबच्या वळणावर होतं काय?

रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. गंज धरत नाही म्हणून तो चांगला, पण वीज वाहून न्यायला तांब्यापेक्षा पंधरा-वीस पट वाईट. तरीही दोष एकट्या धातूचा नाही. तुमचा लंबगोल जेमतेम साडेपाच मीटरचा आहे, आणि लांबच्या टोकाला वीज दोन्ही बाजूंनी येते. एका इंजिनाच्या प्रवाहावर नुसत्या धातूत पाव व्होल्टसुद्धा जात नाही. खरी गळती जोडांमध्ये असते. सेटमधले तुकडे वीत-वीतभर लांबीचे, म्हणजे एका फेरीत वीस-पंचवीस जोड, आणि रूळ दोन असल्यामुळे तेच दुप्पट. प्रत्येक जोडावर दोन रूळ जोडणारी पत्र्याची इवलीशी पट्टी, फिशप्लेट. चार-पाच वेळा काढून-घालून ती सैल झालेली असते, पावसाळ्यात आतून काळी पडलेली असते, आणि काही वेळा तर रूळ फिशप्लेटच्या आत न जाता तिच्या डोक्यावर चढलेला असतो. असे तीन-चार जोड एका वाटेवर आले की गाडी मंदावलीच समजा.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, इंजिनं उचलून घ्या आणि कंट्रोलर पूर्ण उघडा. आता क्लिपजवळ मोजा आणि लांबच्या वळणावर मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखाच आकडा येईल. इथेच बहुतेक लोक फसतात आणि 'वायरिंग ठीक आहे, इंजिनच खराब' असं ठरवून मोकळे होतात. रुळातून प्रवाह वाहतच नसेल तर जोडात व्होल्टेज पडणार कुठून? म्हणून रुळावर भार हवा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब आणा. तो सुमारे ०.४ अँपिअर खातो, म्हणजे साधारण एका इंजिनाइतका. त्याला दोन तारा लावा, लांबच्या वळणावर रुळांना टेकवा, आणि बल्ब पेटलेला असताना तिथलंच व्होल्टेज मोजा. माझ्या जुन्या लेआउटवर क्लिपजवळ ११.८ आणि वळणावर १०.१ आलं होतं. बल्ब काढला की वळणावरही पुन्हा ११.८. फीडर, म्हणजे रुळाला जागोजागी वीज देणाऱ्या तारा, टाकल्यानंतर त्याच जागी, त्याच बल्बवर ११.७ आलं. काही कंट्रोलरचा डीसी सपाट नसतो, त्यामुळे तुमचे आकडे वेगळे दिसतील. आपल्याला दोन जागांमधला फरक बघायचाय. बल्ब तापतो, तो रुळांखालच्या प्लास्टिकच्या स्लीपरवर ठेवू नका, त्याच्या तारा हातात धरा.

आता चार्जरबद्दल. पहिली अडचण १९ व्होल्टची. तुमच्या इंजिनांच्या मोटरी १२ व्होल्टच्या आहेत. पण त्याहून मोठी अडचण अँपिअरची आहे. लॅपटॉपचा चार्जर साधारण चार-पावणेपाच अँपिअर देतो, म्हणजे ९० वॅटच्या आसपास. रुळाला तार जोडायला मी २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न वापरतो, आणि त्याने शिसं दोन सेकंदांत वितळतं. डबा घसरून त्याचं लोखंडी चाक दोन रुळांना आडवं टेकलं, तर त्या एका बिंदूत त्याच्या तिप्पट शक्ती ओतली जाऊ शकते.

हे मी भोगलंय. २००६ साली मी पॅनेलच्या कामातून उरलेला १२ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय लेआउटला लावला होता, मध्ये फ्यूज नाही. गाडी फिरत ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो, आणि पाच मिनिटांनी प्लास्टिक जळल्याचा वास आला. मालगाडीचा एक डबा पॉइंटवर घसरला होता. चाकाभोवतीची बोगी मऊ होऊन ॲक्सल तिच्यात रुतला होता, आणि खालचे तीन स्लीपर वितळून रूळ प्लायला टेकला होता. सप्लाय शांतपणे चालूच. त्याच्या दृष्टीने काही बिघडलंच नव्हतं, कारण चाकातून जाणारा प्रवाह १० अँपिअरच्या आत होता. तुमचा कंट्रोलर पॉइंट वळवल्यावर लाल दिवा लावून बंद पडतो, ही त्याची कमजोरी समजू नका. घरात मूल आहे, तेव्हा हाच गुण आपल्याला हवा. कधीकाळी मोठा सप्लाय घ्यावाच लागला, तर कंट्रोलर आणि रूळ यांच्यामध्ये इंजिनांच्या हिशेबाने एक-दीड अँपिअरचा काचेचा फ्यूज होल्डरसकट टाका.

तर मग उपाय काय? तो खऱ्या रेल्वेकडे पाहिलं की पटकन समजतो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. व्होल्टेज कमी म्हणजे प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त म्हणजे तारेत पडझड जास्त. म्हणून त्या काळात थोड्या-थोड्या किलोमीटरवर सबस्टेशन बांधून तारेला पुन्हा-पुन्हा वीज द्यावी लागली. पुढे ती पद्धत बदलत गेली आणि २०१६ मध्ये मुंबईच्या हार्बर लाइनवरही २५ हजार व्होल्ट एसी आला. तेव्हापासून सबस्टेशनं कितीतरी लांब-लांब असली तरी भागतं. आपल्याला घरात व्होल्टेज वाढवता येत नाही, म्हणजे आपण कायमचे १९२५ मध्ये आहोत. एकाच टोकाला वीज ओतायची नाही, जागोजागी द्यायची. प्लायखालून तांब्याची जाड जोडी फिरवायची, तिला आपण बस म्हणतो. तिच्यापासून बारीक, आखूड तारा वर काढून प्रत्येक थोड्या अंतरावर रुळाला जोडायच्या, त्या फीडर. असं केलं की रुळाला वीज जेमतेम हात-दीड हात वाहून न्यावी लागते आणि फिशप्लेट फक्त रूळ सरळ धरायचं काम करते.

वायर किती जाड? तुमच्या मापाला बससाठी १.५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तार पुरेशी आहे, घराच्या वायरिंगला वापरतात तीच. ९० मीटरचं बंडल घ्यायची गरज नाही, बहुतेक दुकानदार मीटरवर कापून देतात. दोन्ही रंग सात-सात मीटर घ्या. या तारेचा रोध मीटरला साधारण १३ मिलीओहम असतो. तीन मीटर जाऊन-येऊन सहा मीटर धरा. एक अँपिअरला ०.०८ व्होल्ट जातो, तो विसरून गेलात तरी चालेल. लेआउट खोलीभर पसरला, किंवा डीसीसीचा (गाड्या चालवायची डिजिटल पद्धत, पुढे सांगतो) पाच अँपिअरचा बूस्टर, म्हणजे रुळाला वीज देणारा डबा आला, तर मी २.५ चौरस मिलिमीटरवर जातो. फीडरला ०.५ चौरस मिलिमीटर पुरते, मात्र तो फूटभराच्या आतच ठेवा. बारीक तार वाईट नसते, लांब बारीक तार वाईट असते.

फीडर किती हवेत, हे तुमच्या रुळांवर अवलंबून आहे. मीटरभर लांबीचा फ्लेक्सिबल रूळ असेल तर प्रत्येक तुकड्याला एक जोडी. तुमच्यासारखे वीतभर तुकडे असतील तर प्रत्येकाला तार काढणं मला निरर्थक वाटतं. चार-चार तुकड्यांचे आतले जोड सोल्डर करून त्यांचा एक लांब तुकडा बनवा आणि त्याला मधोमध एक जोडी द्या. तुमच्या मेन लाइनला पाच-सहा जोड्या, लूपला एक किंवा दोन. सगळेच जोड मात्र सोल्डर करू नका. आपल्याकडे पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, रूळही तापमानाने थोडा हलतो. त्याला श्वास घ्यायला जागा नसेल तर मे महिन्यात एखादी सरळ लाइन नागमोडी झालेली दिसेल. दोन लांब तुकड्यांमध्ये एक साधा जोड, त्यात कागदाच्या जाडीइतकी फट. त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना फीडर असल्यामुळे तो सैल पडला तरी बिघडत नाही.

सोल्डरिंगची बहुतेकांना भीती वाटते. स्लीपर वितळतील म्हणून लोक घाबरत-घाबरत आयर्न टेकवतात, आणि त्यामुळे तो जास्त वेळ टेकवावा लागतो. तिथेच स्लीपर वितळतात. रुळाच्या बाहेरच्या अंगाचा, चाकाची कड लागत नाही तिकडचा, पाऊण सेंटिमीटर भाग बारीक पॉलिश पेपरने घासून लख्ख करा. त्यावर राळेचा फ्लक्स लावा. ॲसिडचा फ्लक्स घेऊ नका, तो जोड वर्षभरात हिरवा करून खातो. रुळावर आधी शिशाचा पातळ थर चढवा, भांड्याला कल्हई करतात तसा. तारेच्या टोकालाही वेगळी कल्हई करा आणि ते काटकोनात वाकवा. मग दोन्ही एकमेकांना टेकवून आयर्न लावला की शिसं शिशात मिसळतं, नवीन शिसं लागतच नाही. दोन सेकंद, फार तर तीन. आयर्न काढल्यावर तार हलवू नका, शिशाची चकाकी किंचित मंद होईपर्यंत धरून ठेवा. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले की उष्णता तिथेच अडते. आयर्नचं टोक स्वच्छ आणि पुरेसं तापलेलं हवं. मुलीला जवळ बसवणार असाल तर खिडकी उघडी ठेवा, तिला शिसं हाताळू देऊ नका, आणि काम झालं की हात साबणाने धुवा.

रुळाशेजारी ३ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडून फीडर खाली घ्या. खालचं काम पडून, डोक्यावर हात करून करू नका, गरम शिशाचा थेंब डोळ्यावर पडतो. डबे-इंजिनं काढून ठेवा, एकाला मदतीला घ्या आणि प्लाय भिंतीला उभा टेकवा. बसची तार क्लिपांनी ठोकून घ्या. जिथे फीडर येतो तिथे बसचं सेंटिमीटरभर आवरण सोला, फीडर त्याभोवती तीन-चार वेढे देऊन सोल्डर करा आणि टेप मारा. तांबड्या आणि काळ्या तारेची सोललेली जागा समोरासमोर ठेवू नका, चार बोटं पुढे-मागे ठेवा, मग एखादी टेप सुटली तरी दोन्ही एकमेकींना शिवणार नाहीत. इथे सोल्डर नको असेल तर कनेक्टर पट्टी वापरा. तिच्यात मल्टिस्ट्रँडचं टोक नुसतं कोंबू नका, थिंबल, म्हणजे टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी, मारून मग आवळा, नाहीतर सहा महिन्यांनी स्क्रू ढिला होतो.

रंगांचा नियम आजच ठरवा आणि पुन्हा बदलू नका: बाहेरच्या रुळाला तांबडी, आतल्या रुळाला काळी. हिरवी वापरू नका, ती आपल्याकडे अर्थिंगची आहे. कामाला लागण्यापूर्वी लंबगोलाच्या बाहेरच्या रुळाच्या बाहेरच्या अंगावर जागोजागी नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या. प्लाय उलटा केल्यावर आत-बाहेर अदलाबदल होतं आणि माझ्यासारख्या रोज वायरिंग करणाऱ्याचाही गोंधळ होतो, म्हणून भोकाजवळ खालच्या बाजूलाही तोच ठिपका द्या.

आणि एका सवयीबद्दल मी फार आग्रही आहे. मल्टिमीटर बझरवर ठेवून (दोन टोकं एकमेकांना जोडली गेली की तो वाजतो) बसच्या दोन तारांना अडकवून ठेवा. एक फीडर जोडला की ऐका. शांतता असेल तर पुढचा फीडर. ज्या क्षणी बझर वाजेल, त्या क्षणी चूक शेवटच्या जोडातच आहे हे तुम्हाला माहीत असतं. बारा फीडर जोडून मग शेवटी तपासलं, तर बाराही सोडवत बसावं लागतं. अर्थात बझर लावताना रुळावर एकही इंजिन नको आणि कंट्रोलर सोडवलेला हवा.

आता तुमच्या पॉइंटचं कोडं. हे ॲडॉप्टरच्या भानगडीत दबून गेलंय, पण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. लाइव्ह फ्रॉगच्या पॉइंटमध्ये फ्रॉग, म्हणजे जिथे दोन वाटांचे रूळ एकमेकांना छेदतात तो धातूचा व्ही, विजेशी जोडलेला असतो. पॉइंट ज्या बाजूला वळलाय त्यानुसार तो एका नाहीतर दुसऱ्या रुळाचा ध्रुव घेतो. फ्रॉगमधून दोन रूळ पुढे निघतात: मेन लाइनचा आतला आणि लूपचा बाहेरचा. दोघांनाही फ्रॉगचाच ध्रुव मिळतो. लूपच्या दोन टोकांना असे दोन पॉइंट आहेत. दोन्ही मेनला लावलेले असताना दोन्ही फ्रॉगचा ध्रुव एकच, सगळं सुरळीत. एक मेनला आणि एक लूपला लावला की एका बाजूने त्याच रुळात काळ्याचा ध्रुव येतो आणि दुसऱ्या बाजूने तांबड्याचा. तो सरळ शॉर्ट आहे. कंट्रोलर बंद पडतो ते बरोबरच करतो. पॉइंटमध्ये काहीही दोष नाही, फक्त तिथे वीज अडवणारा जोड राहिलाय.

प्रत्येक पॉइंटच्या फ्रॉगमधून निघणाऱ्या त्या दोन्ही रुळांवर धातूच्या फिशप्लेटऐवजी प्लास्टिकची घाला. दोन पॉइंटच्या मिळून चार. प्लास्टिकच्या फिशप्लेटमध्ये बहुधा मधे छोटा पडदा असतो, तो दोन रुळांच्या टोकांच्या मधोमध बसलाय ना ते पाहा, नाहीतर उन्हाळ्यात टोकं पुढे सरकून एकमेकांना भिडतात. असं केलं की दोन पॉइंटच्या मधला मेनचा आतला रूळ आणि लूपचा बाहेरचा रूळ कोरडे पडतात, त्यांना स्वतःचा फीडर द्यायचा. मेनच्या आतल्या रुळाला काळ्या बसवरून सरळ. लूपच्या बाहेरच्या रुळाला तांबड्या बसवरून, पण मध्ये एक साधं ऑन-ऑफ टॉगल स्विच टाकून. लूपचा आतला रूळ अखंडच आहे, त्याला काळी. पॉइंटच्या एकेरी टोकाकडेही, म्हणजे जिथून गाडी आत शिरते तिकडे, एक फीडर जोडी द्यायला विसरू नका. पॉइंटला वीज नेहमी त्या टोकाने मिळायला हवी.

त्या एका स्विचमुळे तुमच्या दोन गाड्यांचा प्रश्नही सुटतो. पहिली गाडी लूपमध्ये घ्या, स्विच बंद करा, ती उभी राहील. पॉइंट मेनला लावा आणि दुसरी फिरवा. मग पहिलीला सोडायचं असेल तर मेनवर दुसरी थांबायला जागा हवी, म्हणून मेनच्या त्या कोरड्या आतल्या रुळाच्या फीडरलाही एक स्विच लावा. स्टेशनात एक गाडी उभी, दुसरी पळतेय, ती आत आली की पहिली सुटतेय: मुलीला क्रॉसिंगचा खेळ कळायला दोन स्विच आणि दोन पॉइंट पुरतात. मुलं हा खेळ तासन्‌तास खेळतात, मी पाहिलंय. दोन्ही गाड्या एकाच वेळी वेगवेगळ्या वेगाने पळवायच्या असतील तर मात्र साध्या डीसीवर रुळांचे स्वतंत्र ब्लॉक, दोन कंट्रोलर आणि प्रत्येक ब्लॉकला निवड-स्विच लागतात, किंवा मग डीसीसी.

डीसीसीबद्दल थोडंच लिहितो. त्याचं मानक अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात, जर्मनीतल्या बर्न्ड लेन्झ यांच्या पद्धतीच्या आधारे ठरवलं. रुळावर कायम वीज असते, तिच्यातच आज्ञाही असतात, आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपली आज्ञा ओळखतो. तुम्ही आत्ता टाकलेली बस आणि फीडर तसेच उपयोगी पडतील, हे काम वाया जात नाही. फक्त तिथे रुळावर जास्त प्रवाह उपलब्ध असतो, म्हणून एक चाचणी सक्तीची: रुपयाचं नाणं लेआउटच्या प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक सायडिंगच्या, म्हणजे बाजूच्या लाइनच्या शेवटी दोन रुळांवर आडवं ठेवायचं. बूस्टर दरवेळी लगेच बंद पडलाच पाहिजे. एखाद्या ठिकाणी नाणं ठेवूनही तो चालू राहिला, तर तिथपर्यंतच्या वायरिंगमध्ये रोध इतका आहे की बूस्टरला शॉर्ट कळतच नाही, आणि माझ्या २००६ च्या डब्याचं जे झालं ते तिथे होईल. नाणं हातात धरून टेकवू नका, लाकडी चिमट्यात धरा.

आणखी दोन-तीन गोष्टी. पुढे पॉइंटना विजेच्या मोटरी लावाल तेव्हा त्यांचा सप्लाय वेगळा ठेवा. कॉइलच्या मोटरी क्षणभर मोठा प्रवाह ओढतात, आणि रुळाच्या सप्लायवर त्या असल्या की पॉइंट वळताना प्रत्येक गाडी धक्का खाते. २३० व्होल्ट प्लायखाली आणू नका, अगदी दिव्यांसाठीसुद्धा. ते भिंतीवरच्या ॲडॉप्टरपाशीच थांबलं पाहिजे. पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर जोडून वेग कमी-जास्त करायचा प्रयोग तर कधीच नको. आणि इतकं करूनही गाडी अडखळली तर बस उकलायच्या आधी रूळ आणि चाकं पुसा. उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ, समुद्राची हवा, या सगळ्याचा चिकट थर रुळाच्या माथ्यावर बसतो. सुती कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पुसलं की ते काळं होतं. पॉलिश पेपर माथ्यावर चालवू नका, ओरखड्यांत घाण आणखी साठते.

कामाचा क्रम सांगतो, कारण सुट्टीला वेळ थोडा आहे. पहिल्या दिवशी फक्त बल्ब लावून पाच-सहा ठिकाणचे आकडे लिहून घ्या आणि चार प्लास्टिकच्या फिशप्लेट घाला. लक्षात ठेवा, त्या घातल्यावर लूप आणि मेनचा तो भाग फीडर मिळेपर्यंत बंद राहणार. दुसऱ्या दिवशी रुळांना फीडर सोल्डर करून भोकांतून खाली सोडा. तिसऱ्या दिवशी प्लाय उभा करून बस, बझर, स्विच. रुळांच्या मांडणीचं चित्र वहीत काढा, फीडरना आकडे द्या, तेच आकडे खाली कागदी टेपवर लिहून तारेला चिकटवा. मग तोच बल्ब, त्याच जागा, नवे आकडे जुन्यांच्या शेजारी. लांबच्या वळणावर क्लिपपेक्षा पाव व्होल्टहून जास्त फरक राहिला, तर त्या भागाचा फीडर नंबर आणि दोन्ही आकडे मला कळवा. कोणता जोड कोरडा राहिलाय ते शोधायला तेवढं पुरतं.